शेवटचा बटवा

युद्ध पेटलं तशी जपानी शेजारीण जेद्दा सोडून निघाली. जाताना तिने आपल्या मेलेल्या आईचा रेशमी किमोनो आमिनाच्या हातात ठेवला. "बटवे शिव याचे."

रिकामा बटवा कुणाला देऊ नये, म्हणून आमिना शिवून झालेल्या प्रत्येक बटव्यात वेलची टाकून नाडी ओढायची. सकाळी उघडावा तर आत काहीच नसायचं.

"अफनान, वेलच्या तू खाल्ल्यास?"

"नाही, अम्मी. अब्बांचा फोन आला?"

आमिनाने पुढचा बटवा शिवायला घेतला. कामासाठी सीमेजवळच्या खफजीला गेलेल्या तिच्या नवऱ्याची, बदरुद्दीनची, तिथल्या लढाईपासून काही खबर नव्हती.

शेवटचा बटवा हातावेगळा झाला. वेलची टाकायला तिने त्याचं तोंड उघडलं, तर आत शर्टाचं बटण होतं. बदरुद्दीन निघताना पांढरा दोरा संपला होता म्हणून तिनेच हिरव्या दोऱ्याने लावलेलं.

दोरा ओला होता. त्याला नुकत्याच चावलेल्या वेलचीचा वास येत होता.