टाकी

संसर्गजन्य रोगांवर औषधं शोधायला विद्यापीठाचं नवं केंद्र उभं राहत होतं. ते बांधणारे गवंडी मात्र शेवाळलेल्या टाकीतलं घाण पाणी पिऊन एकामागून एक जुलाबाने आडवे पडत होते.

संशोधक बाईंनी ते पाणी तपासायला दिलं, टाकी धुवा म्हणून संचालकांच्या कानीकपाळी ओरडल्या. दर वेळी एकच उत्तर, "अहो मॅडम, आधी इमारत तर होऊ द्या!"

तिथेच राहणाऱ्या एका गवंड्याच्या बायकोलाही सलाईन लागलं, तेव्हा बाई स्वतःच ब्रश घेऊन टाकीवर चढल्या. खालून संचालक धापा टाकत धावत आले. चला, उशिरा का होईना, लाज वाटली म्हणायची!


"अहो, धुऊ नका! कुठल्याच औषधाला दाद न देणारा जंतू निघालाय त्यात. उद्घाटनाला पाहुण्यांना ताजा दाखवायचाय!"