उजवं पान

कागद उडत होते म्हणून टॉकीजचे मालक रघुनाथरावांनी टेबलावरचा पंखा बंद केला आणि समोरच्या दोघांना पुन्हा सांगितलं, टॉकीजच्या सायकल स्टँडचा ठेका पाडव्यापासून त्यालाच मिळेल ज्याची हैसियत दहा हजारांची आहे. सायकल चोरीला गेली की ठेकेदारानं भरून द्यायची. जवळ दहा हजार नसतील तर तो कशातून भरणार?

दुपारचा खेळ चालू होता. भिंतीपलीकडून मारामारीचे आवाज येत होते.

गुणवंताकडे तीन वर्षं हाच ठेका होता. त्यानं हात टेबलावर ठेवला. बोटात जाड अंगठी, गळ्यात साखळी. घर धरून वीस हजार होतात, असं तो म्हणाला. रघुनाथरावांनी अंगठीकडे पाहिलं आणि वीस हजार लिहून घेतले. पांढुर्ण्यात हैसियत अशीच दाखवली जाई. सासऱ्याची साखळी, साळ्याची अंगठी, कुणाची तरी मोटारसायकल, सगळं एका दिवसापुरतं मागून आणलेलं. कुणी विचारत नसे.

चंद्रकला त्याच स्टँडवर गुणवंताच्या हाताखाली बिल्ले वाटायची. ठेका मागायला ती आज पहिल्यांदाच आली होती, आणि तिची बोली गुणवंतापेक्षा जास्त होती. सकाळी तिच्या नवऱ्यानं, श्रावणनं, तिच्यासाठी बहिणीची सोन्याची पोत मागून आणली होती. ती तिनं आल्या पावली परत पाठवली आणि एक वही घेऊन आली.

वही तिनं उघडून ठेवली. वर तारीख होती, एक मार्च १९८७. डाव्या पानावर जे आहे ते: तिच्या नावाचं टिनाचं घर, पोस्टाची बचतपत्रं, पोस्टातलं खातं, शिलाई मशीन, दोन बकऱ्या. बेरीज दहा हजार सहाशे पासष्ट. उजव्या पानावर जे द्यायचं आहे ते: मशीनसाठी काढलेलं बँकेचं कर्ज आणि बाकीची देणी. त्याची बेरीज सतराशे पंचवीस. खाली वजाबाकी, आठ हजार नऊशे चाळीस. सात वर्षं दर एक तारखेला ती ही वजाबाकी मांडत आली होती. वहीच्या पहिल्या पानावर घर नव्हतं, बकऱ्या नव्हत्या आणि उत्तर उणे तीनशे दहा होतं. तेही तिनं खोडलेलं नव्हतं.

गुणवंता हसला. "मालक, पोरगी पाहाले आलेल्या पाव्हण्यांले पोरीचा दमा आधी सांगून राहिली बाई."

रघुनाथरावही हसले. मग त्यांनी तिला समजुतीनं सांगितलं की डावं पान दहाच्या वर जातं, आपण तेवढंच धरू. देणं कुणी विचारलं आहे? बिल्ल्यांच्या पैशात तिची कधी चूक झाली नाही, बोलीही तिचीच वरचढ आहे, ठेका तिला द्यायला त्यांची ना नाही. बोलता बोलता त्यांनी स्वतःच उजवं पान दुमडलं.

चंद्रकलानं ते सरळ केलं.

"चोरीची सायकल डाव्या पानातून भरून निघत नाही, रघुनाथराव. देणं देऊन जे उरते, त्यातून निघते."

तिनं मालक म्हटलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

रघुनाथरावांचा आवाज बदलला. कर्ज एवढं खुपतं तर बचतपत्रं मोडून आधी बँकेचे पैसे का फेडले नाहीत, असं त्यांनी विचारलं.

"खुपत नाही. लिहिलं हाय. मशीनच्या कर्जावर बँक चार टक्के घेते, पोस्ट बारा देते. बाराचं मोडून चारचं काऊन भरू?"

 टॉकीजच्या नव्या प्रोजेक्टरसाठी रघुनाथरावांनी बाजारातून चोवीस टक्क्यांनी पैसे उचलले होते आणि त्यांचे स्वतःचे पैसे खात्यात पाचानं पडून होते. हे दोन्ही त्यांनी आजवर एका कागदावर मांडलेलं नव्हतं. त्यांनी वही जवळ ओढली. उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. कवडूची सायकल, बाकी दोनशे चाळीस.

"हे तुह्या देण्यात काऊन?"

कवडू दूधवाल्याची सायकल दिवाळीत स्टँडवरून गेली होती. ठेका गुणवंताचा, भरून देणंही त्याचंच. आज देतो, उद्या देतो करत त्यानं होळी आणली. कवडूला बिल्ला मीच दिला होता, चंद्रकला म्हणाली. म्हणून महिन्याला साठ रुपये तीच फेडत होती.

"मी देणारच होतो," गुणवंता म्हणाला.

"मंग लिहा."

तिनं वहीतला कोरा कागद फाडला, त्यावर मधोमध उभी रेघ ओढली आणि तो गुणवंतासमोर ठेवला. मग ती रघुनाथरावांकडे वळली.

"माह्याजवळ एक हजार साठ कमी हाय. कमी हाय तं कमीच लिहा. पण याचं उजवं पान पाहून घ्या, अन् मंग सांगा दहाचा कोण हाय."

खेळ सुटल्याची घंटा झाली. लोक आता सायकली मागतील, असं म्हणून तिनं वही काखेत घातली आणि ती बाहेर गेली.

रघुनाथरावांनी खिशातलं पेन काढून गुणवंतापुढे धरलं. त्यानं ते घेतलं आणि कागदावर वाकला. अंगठी सैल होऊन पेरावर घसरली. ती बोटात बसावी म्हणून आतून गुंडाळलेला पांढरा दोरा सुटला आणि त्याचं टोक कागदाच्या उजव्या बाजूवर लोंबत राहिलं.