फूटभर माती

जितेशने करपलेल्या हिरवळीत फावडं मारलं आणि मुळांसकट एक ढेकूळ उचललं.

"बुरशी नाय, हुमणीची अळी नाय. मग गवत मेलं कशानं?"

येसाजी पाण्याचा पाइप गुंडाळत होता. कशेळ्याजवळच्या या फार्महाऊसवर तो सहा वर्षं माळी होता. यंदा दोनदा नवी हिरवळ लावली, दोनदा ती मधोमध करपली. दहा दिवसांनी मालकीण श्रद्धा मॅडमच्या मुलीचा साखरपुडा याच हिरवळीवर होता, म्हणून त्यांनी खालापूरहून लॉनवाल्या जितेशला बोलावलं होतं.

"मातीच खराब हाय," येसाजी म्हणाला. "फूटभर काढा आन् नवी भरा. वरवर गवत लावून उपेग नाय."

"आधी माती तपासू. आठवड्यात रिपोर्ट येतो." जितेशने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली.

येसाजी चटकन पुढे झाला.

"मग गवत कवा धरणार? पाव्हण्यांना रिपोर्टवर बसवतोस काय रं?"

शेजारी उभ्या मॅडम हसल्या नाहीत. "येसाजी, तिसऱ्यांदा मेलं तर मी दुसरा माळी बघेन."

"मेलं तर मीच जातो, बाई."

मॅडमनी करपलेल्या जागेभोवती एक फेरी मारली. जितेश पिशवीत माती भरू लागला. येसाजीची नजर त्याच्या हातावरून हलेना.

"राहू दे ते," मॅडम शेवटी म्हणाल्या. "काढून टाका सगळी."

जितेशने पिशवी झटकली. "काढू. पण ही घाण टाकायची कुठं? नदीत टाकली तर गाव बोंब मारेल."

"माझ्या माळावर टाका," येसाजी म्हणाला. "तिथं नुसता कातळ. काय बिघडायचंय?"

"बघ हां. कुसळसुद्धा उगवायचं नाय."

"नको उगवू दे."

दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत टेंपोच्या सात खेपा झाल्या. खड्ड्यात नवी माती आणि शेणखत पडलं, वर हिरवळीच्या पट्ट्या बसल्या. पाणी मारून झाल्यावर मॅडमनी फोटो काढला.

येसाजी माळावर पोचला, तेव्हा त्याची आई सोनुबाई ढिगाशी बसली होती. तिने मूठभर माती नाकाशी नेली.

"तुज्या आज्यानं पाला-शेणाचा राब भाजून भाजून केलेली माती रं ही. फार्महाऊसला जमीन इकली तवा वाटलं, गेली." तिने डोळे पुसले. "समदी आणलीस?"

"निम्मी. कडेची तिथंच हाय," येसाजी म्हणाला. "साखरपुडा होऊ दे, मग तिकडंबी उकळतं पाणी ओततो."