मोहरेवरचं कुंकू

"हा कागद खरवडलेला आहे, हुजूर." समोरच्या वकिलानं तो खिडकीच्या उजेडात धरला. "आणि तोही ऐन मोहरेभोवती."

दाराजवळ जमिनीवर बसलेल्या राहीनं मांडीवरची पोर घट्ट धरली. खरवडलेला होता, खोटं काय त्यात? तिनंच खरवडला होता. मागच्या तारखेला न्यायाच्या खुर्चीतल्या मुन्सिफसाहेबांशेजारी लिहीत बसलेल्या याच पेशकारानं कागद तिच्या पुढ्यात सारला होता. "मुहर किधर है, बीबी? सब लाल लाल है. साफ करके लाव." दरसाल दसऱ्याला घरात पूजेचा पाट मांडला जायचा. त्यावर तराजू, खुरपी आणि हा कागद. कागदावर मोहर सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून कुंकू मोहरेवरच. बारा दसऱ्यांचं कुंकू साचून त्याची खपली धरली होती. राहीनं श्वास रोखून ती नखानं सोलली, उरलेलं शिळ्या भाकरीच्या गोळ्यानं टिपलं. मोहर उघडी पडली तेव्हा तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

आता मोहर सगळ्यांना दिसत होती, आणि मोहरेकडे कोणी पाहत नव्हतं. भोवतीचे उसवलेले तंतू पाहत होते.

"पेशकारसायबानंच सांगतलं होतं, साफ करून आना म्हनून," ती पुटपुटली.

पेशकारानं बोरू दौतीत बुडवला. "साफ करो बोला था. घिसो नहीं बोला."

तिचे वकील केशवराव घाम पुसत उभे राहिले. कागद तिच्या सासऱ्यांनी केलेल्या वाटणीचा होता. वाटणी झाली होती असं ठरलं, तर विहिरीसकट अर्धा मळा राहीच्या नवऱ्याचा, आणि तो गेल्यावर आता राहीचा. नाही ठरलं, तर सगळा मळा थोरल्या भावाचा. मग बेला गावच्या बाजारात वांगी-मिरच्या घेऊन बसायचं तर कोणाच्या? लिहिणारा पटवारी वारला होता, दोन्ही साक्षीदार वारले होते. कागद ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं. ते म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ अमृतराव. आणि ते पलीकडच्या बाजूनं उभे होते.

भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही घरची रीत. सहा वर्षं एका छपराखाली काढली, पण राहीला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा पायच जास्त ओळखीचे. आजही डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती पायच पाहत होती. नवे जोडे होते. करकर वाजत आत आले होते. चपराशानं टोकलं नाही. देवाची शपथही भासऱ्यांनी जोडे घालूनच घेतली.

"अमृतराव," केशवराव म्हणाले, "नीट हातात घेऊन पाहा. हा कागद कधी पाहिलात?"

करकर थांबली. राहीनं पाहिलं, डाव्या पायाच्या बोटांनी उजव्या जोड्याची टाच दाबली. जोडा सुटला. मग डावाही सुटला. अनवाणी पावलं फरशीवर एकमेकांना जुळली. मग टेबलावरचा कागद उचलल्याचा आवाज आला.

"कदीच नाई पाह्यला," भासरे वरून बोलले. "वाटनीच झाली नाई आमची. कायचा कागद हाय, देव जाने."

टेबलाआडचे ते पाय दुसऱ्या कोणालाच दिसले नव्हते. राहीनं पोर खाली ठेवली आणि ती उभी राहिली.

"जोडे काऊन काढले?"

आपल्याच आवाजानं ती दचकली. जन्मात पहिल्यांदा ती भासऱ्यांशी बोलत होती.

"शपथ घेतली तवा नाई काढले. कागद हातात घ्याच्या आंदी काऊन काढले, भाऊजी? दसऱ्याच्या पाटाम्होरं काढत होते तसे?"

अमृतरावांचा वकील हसला. "नवे जोडे आहेत, बाई. चावत असतील."

मागच्या बाकावर हशा पिकला. मुन्सिफसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "क्या बोल रही है?"

"हुजूर, लिहून घ्यावं," केशवराव घाईनं म्हणाले. "साक्षीदारानं कागद घेण्यापूर्वी..."

"क्या लिखूँ?" पेशकारानं मान वर केली. "सवाल कागज़ का था. जूते का सवाल किसने पूछा?"

केशवराव तिच्याकडे वळले. "खाली बस, बाई. कागदाची तस्दीक, खातरजमा होते. पायांची नाही होत."

"माह्या डोयानं पाह्यलं, वकीलसायब!"

"तूच पाह्यलं ना? मग झालं."

"गवाह को इन्कार है," मुन्सिफसाहेब म्हणाले. "लिखो."

बोरू कुरकुरला. वही उलटली. चपराशी दारात जाऊन पुढचं नाव पुकारू लागला.

अमृतराव अजून जागचे हलले नव्हते. कागद त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आणि उजवा पाय फरशीवर चाचपडत होता. त्या पायाचा जोडा पोरीनं ओढत दारापर्यंत नेला होता.

राहीनं तिला आवरलं नाही.