जप्तीची बाटली

दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष कुंताबाईंना सकाळीच खबर लागली: सोमाजीची रुपाली, दहावीतली पोर, पांघरुणात बाटली घेऊन निजली आहे! इकडे घरात त्यांची स्वतःची लेक डिंपल पोट धरून कण्हत होती. परवा तिनं उगाच ताट आपटलं, आणि आज हे. "नखरे नोको करू. आमी त अशा दुखण्यात दिवसभर वाकून धान रोवत होतो," असं तिला सुनावून, चार बाया सोबत घेऊन कुंताबाई निघाल्या.

त्यांनी पांघरूण ओढलं. रुपाली मुटकुळं करून पडलेली, पोटाशी दारूची बाटली. कुंताबाईंनी झाकण उघडून वास घेतला. वास काहीच नाही. बाटली मात्र चांगली गरम होती.

"पाणी आहे मावशी. पाळीत पोट लय दुखते. शाळेत नर्सबाईनं सांगतलं, शेकलं का बरं वाटते. बाबानं दारू सोडली तवापासून बाटली रिकामीच होती."

"अन् चिडचिड?" कुंताबाईंनी हळूच विचारलं.

"ते त दोन-चार दिवस आधीच सुरू होते. आपल्या हातात नसते म्हणे."

कुंताबाईंनी झाकण घट्ट लावून बाटली तिच्या पोटाशी परत ठेवली. बायांना घरी पाठवून त्या एकट्याच समाजमंदिराकडे वळल्या. जप्त केलेल्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं तिथंच ठेवलेलं असतं.

 

त्या दिवशी गावानं पहिल्यांदाच पाहिलं, दारूबंदीच्या अध्यक्ष पदराखाली बाटली लपवून लगबगीनं घरी चालल्या होत्या.