उलटा पाव

गास्तोंच्या हृदयाचं दुखणं बरं झाल्यावरची ही पहिली सुट्टी. कुंडीखालची किल्ली काढून दोघं नवराबायको त्या भाड्याच्या दगडी घरात शिरले आणि ओदीलला वाटलं, सुटलो एकदाचे.

गास्तोंने टेबलावर गोल पाव मुद्दाम उलटा ठेवला.

"आधी सरळ कर तो," ओदील म्हणाली. "उलटा पाव जल्लादाचा असतो. घरात मरण बोलावतोस का?"

"बोलली हिच्या तोंडून हिची आजी," तो हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच केलं. ओदील बागेतून ओचाभर आलुबुखार घेऊन आली, तर पाव सरळ.

"आलं वाटतं डोकं ठिकाणावर."

"मी हातही लावला नाही. तूच केलास ना?"

"मी बागेत होते, बाबा."

दोघं हसत सुटले. मग ओदीलनेच पाव उलटा केला, गास्तोंला हाताला धरून भर उन्हात ओढत नेलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. अंगणात उभं राहून दोघांनी शाळकरी पोरांसारखे वीसपर्यंत आकडे मोजले.

आत पाव सरळ होता. शेजारी दोन काप कापून ठेवलेले. एकाला कडेपर्यंत लोणी, ओदीलला आवडतं तसं. दुसरा कोरडा. गास्तोंला डॉक्टरांनी लोणी बंद केलं होतं, पण या गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"घ्या, इथेही तुझ्याच बाजूचं कुणीतरी निघालं," गास्तों म्हणाला.

ओदीलने हसत हसत सुरी उचलली. सुरीची मूठ कोमट होती, नुकतीच कुणाच्या हातातून सुटल्यासारखी.