बस लागली

"सही करा आणि मोकळ्या व्हा, आजी," बस महामंडळाचा वकील म्हणाला आणि त्याने कागद कोर्टाबाहेरच्या बाकावरून पुढे सरकवला.

आजींनी अंगठा जिभेला लावून पान उलटलं. डाव्याच हाताने. उजवा हात मनगटात वाकडा जुळला होता. पुन्हा ऑपरेशन केल्याशिवाय त्या हाताने साधा पाण्याचा पेलाही उचलता येणार नव्हता.

"ऑपरेशनचा सगळा खर्च देतायत ते," शेजारी बसलेला मुलगा हळूच म्हणाला. "कर ना सही. किती दिवस डाव्या हाताने जेवणार आहेस?"

"हे काय लिहिलंय?" आजींनी एका ओळीवर बोट ठेवलं. "चालत्या बसमध्ये स्वतःच्या चुकीने उठल्यामुळे पडून झालेली इजा."

"ते असंच लिहितात हो," वकील म्हणाला. "कागदाची भाषा असते ती."

"मी? चालत्या गाडीत उठले? मी?" आजींचा आवाज इतका चढला की समोरच्या बाकावर पेंगणारा माणूस दचकून सरळ बसला. "तुमची भाषा तुम्हालाच लखलाभ. न्या तो कागद."

मुलाने कपाळावर हात मारला. सून मात्र गालातल्या गालात हसली. सासूबाई एकदा नाही म्हणाल्या की नाही, हे तिला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.

आजींच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सगळे रस्ते समजावून सांगितले होते. महामंडळाशी तडजोड करायची, की हात झटकन मोकळे. ड्रायव्हरविरुद्ध पोलिसांत जायचं, तर त्याला शिक्षा होऊ शकते. नाहीतर अपघाताच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा. "त्याला वेळ लागतो," त्या म्हणाल्या होत्या. "पण तुमची चूक नव्हती, असं कागदावर हवं असेल तर दावाच लावा."

"दावाच लावा," आजी म्हणाल्या होत्या. "त्या पोराला तुरुंगात घालून माझा हात थोडाच सरळ होणार आहे? त्यालाही बायकामुलं असतील."

पुकारा झाला. कोर्टाच्या दारात ही गर्दी! पुढचा हलेना आणि मागचा थांबेना. आजींनी गळ्यात तिरकी अडकवलेली पिशवी सावरली आणि खणखणीत आवाज लावला. "दारात उभे राहू नका! पुढे सरका, पुढे जागा आहे!"

माणसं निमूटपणे सरकली. काळा कोट घातलेले दोघेसुद्धा सरकले.

"घरीपण हेच," सून वकीलबाईंच्या कानाशी म्हणाली. "जेवायला बसतानासुद्धा आम्ही पुढे सरकतो."

साक्षीच्या पिंजऱ्यात आजी पाय जरा फाकवून, कठड्याला हात न लावता उभ्या राहिल्या. महामंडळाचा वकील उठला. तो आता गोड बोलत होता, आणि मुलाला त्याच गोडव्याची भीती वाटत होती.

"आजी, दाव्याच्या अर्जात वयापुढे तुम्ही लिहिलंय, निवृत्त. म्हणजे घरीच असता?"

"आता घरीच."

"नातवंडं सांभाळता?"

"सांभाळते की."

"छान. हॉस्पिटलात पोलिसांना तुम्ही सांगितलंत, ‘बस लागली म्हणून मी उठले आणि पडले.’ शब्द तुमचेच ना?"

"माझेच."

"म्हणजे मळमळायला लागलं. उलटी होणार म्हणून चालत्या बसमध्ये उठून तुम्ही दाराकडे धावलात."

"अहो, नाही! बस लागली म्हणजे स्टँडला लागली. उभी राहिली. मग मी उठले. पायरीवर आले, तेवढ्यात ड्रायव्हरने हिसका देऊन ती पुन्हा पुढे घेतली."

वकील न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, माझ्या आईला बस लागते, बायकोला लागते. आमच्या घरात ‘बस लागली’ म्हटलं की पिशवी शोधायला धावपळ होते. बस थांबल्यावर प्रवासी काय म्हणतो? ‘स्टँड आला’ म्हणतो, ‘उतरायचं ठिकाण आलं’ म्हणतो. मनगट मोडलेली, कण्हणारी बाई ‘स्टँडला बस लागली’ असं बोलेल? स्टँडवरचा भोंगा आहे का ती? पोलिसापुढे जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. हा दुसरा अर्थ नंतर कुणीतरी शिकवलाय. माझा सगळा बचाव ह्या एका शब्दावर उभा आहे, साहेब. असं कोण बोलतं?"

न्यायाधीशांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मुलाचा चेहरा पडला. दुसरा साक्षीदार कोणी नव्हता. उतारू त्याच दिवशी पांगले होते आणि ड्रायव्हर न् त्याचा सहकारी दोघेही बस चालूच होती असं सांगत अडून बसले होते. ऑपरेशनचा खर्च गेला, आणि वर चूक आईचीच ठरणार, असं त्याला वाटलं. आपण तिला बळजबरीने सही करायला लावायला हवी होती, म्हणून तो स्वतःवरच चडफडला.

"तुम्हाला काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी वकीलबाईंना विचारलं.

वकीलबाई सावकाश उठल्या. "एकच प्रश्न, साहेब. आजी, तुम्ही निवृत्त कुठून झालात?"

आजींनी गळ्यातली पिशवी सवयीने पोटाशी ओढली, महामंडळाच्या वकिलाकडे एकदा नीट पाहिलं, आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्याच महामंडळातून. कंडक्टर होते मी, साहेब! नोकरीभर एकच ओरडत आले, बस लागल्याशिवाय कुणी उठायचं नाही!"